‘२४ तास सगळ्यांना सारखेच’ या मजकुराला उत्तर

सध्या एक मजकूर खूप फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दिवसाचे २४ तास सगळ्यांना सारखेच मिळतात. ओप्रा विन्फ्रीसारखी गरीब घरातली कृष्णवर्णीय मुलगी अब्जाधीश होते, मग कोणीही होऊ शकतं. कायद्याने आता सगळे समान आहेत. हातात पैसा आला की रंग, बाई-पुरुष कोणी बघत नाही. बाकीच्या तक्रारी म्हणजे आळशी लोकांच्या सबबी.

पाठवणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो. मुलांनी हातपाय हलवावेत एवढंच त्यांना वाटतं. पण असलं काही सतत वाचून धडपडणारा माणूसही सगळा दोष स्वतःच्याच माथी मारून घेतो, आणि ते मला बघवत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ते २४ तास. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये जगभरातल्या बिनपगारी कामाचा हिशोब मांडला. स्वयंपाक, धुणं-भांडी, मुलं, आजारी माणसं या कामांत बायकांचे दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं जातात, पुरुषांची १ तास २३ मिनिटं. फरक रोजचा ३ तासांचा. वर्षाचे ११०० तास होतात, म्हणजे आठ तासांचे सुमारे १३८ दिवस. अभ्यासाला, परीक्षेला, बढतीला लागतो तो हाच वेळ. श्रीमंत घरातली बाई यातले काही तास पैसे देऊन सोडवून घेऊ शकते. ती ते बहुतेक वेळा दुसऱ्या बाईकडूनच विकत घेते, आणि त्या दुसरीच्या घरचं काम रात्री तिची वाट बघत असतंच.

ओप्रा विन्फ्रींच्या कष्टांबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. १९५४ मध्ये मिसिसिपीतल्या खेड्यात गरिबीत जन्मलेली ही मुलगी २००३ मध्ये पहिली कृष्णवर्णीय महिला अब्जाधीश ठरली. पण ‘पहिली’ या शब्दापाशी जरा थांबा. तिच्याआधीच्या कोट्यवधी कृष्णवर्णीय बायकांत एकही कष्टाळू नव्हती का? भिंत चढून जाणारी एक व्यक्ती दाखवली म्हणून भिंत नाहीशी होत नाही. तिची उंचीही ठिकाणानुसार बदलते. विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेने २०१८ मध्ये अंदाज काढला: तळाच्या उत्पन्नगटातल्या कुटुंबाला सरासरी उत्पन्नापर्यंत यायला डेन्मार्कमध्ये २ पिढ्या लागतात, कोलंबियात ११. दोन देशांतल्या मुलांच्या जिद्दीत एवढं अंतर असूच शकत नाही. अंतर आहे ते शाळा, दवाखाने आणि आई-वडिलांच्या कमाईत.

कायद्याचा मुद्दा लवकर संपतो. फ्रान्समध्ये विवाहित बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी करण्याचा आणि बँकेत खातं उघडण्याचा हक्क १९६५ मध्ये मिळाला. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मताधिकार मिळाला १९७१ मध्ये. अमेरिकेत वंश पाहून घर नाकारण्यावर बंदी आली १९६८ मध्ये. त्याआधी जगलेली माणसं आजही हयात आहेत. ज्या आजोबांना घर घेऊ दिलं नाही, त्यांच्या नातवाला वारशात घर मिळत नाही.

शिवाय कायदा कधी कधी एका वेळी एकच गोष्ट बघतो. जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीविरुद्ध काही कृष्णवर्णीय बायका न्यायालयात गेल्या होत्या. १९६४ पूर्वी त्यांच्यासारख्यांना तिथे घेतच नव्हते आणि मंदीत ‘शेवटी आलेला आधी बाहेर’ या नियमाने त्यांच्याच नोकऱ्या गेल्या. १९७६ च्या निकालात न्यायालयाने बाई म्हणून आणि कृष्णवर्णीय म्हणून झालेला अन्याय एकत्र धरायला नकार दिला. कंपनीत बायका आहेत, म्हणजे बाई म्हणून अन्याय नाही, असं धरलं गेलं; पण त्या बायका गोऱ्या होत्या. कायद्याच्या अमेरिकी अभ्यासक किंबर्ले क्रेन्शॉ यांनी १९८९ मध्ये याच खटल्यावरून दाखवलं की दोन रस्त्यांच्या चौकात उभ्या असलेल्या बाईला दोन्हीकडून धडक बसते.

आता पैसा. कृष्णवर्णीय टेनिसपटू सेरेना विल्यम्सकडे पैसा, कीर्ती, उत्तम डॉक्टर सगळं होतं. २०१७ मध्ये मुलीच्या जन्मानंतर तिला धाप लागली. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास तिला आधी झालेला होता, म्हणून तिने लगेच सीटी स्कॅन मागितला. नर्सला वाटलं, वेदनाशामक औषधाने ती गोंधळली आहे. तिने हट्टच धरला, आणि फुप्फुसात गुठळ्या सापडल्या. ही एकटीची कहाणी नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१९ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, पदवीधर कृष्णवर्णीय बाईचा गर्भारपण-बाळंतपणाशी निगडित मृत्यूचा धोका शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या बाईच्या १.६ पट होता. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दल २०२० मध्ये अमेरिकेतल्याच संशोधकांनी दाखवलं की रक्तातला प्राणवायू धोकादायक पातळीला उतरलेला असताना तो ठीक दाखवण्याची चूक कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते. त्या यंत्राला बँकेतली शिल्लक कळत नाही.

म्हणून पैसा बिनमहत्त्वाचा, असंही नाही. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडताना ‘बायका-मुलं आधी’ हा नियम होता. पहिल्या वर्गातल्या ९७ टक्के बायका वाचल्या, तिसऱ्या वर्गातल्या ४६ टक्के. पुरुष असणं त्या रात्री जीवघेणं ठरलं: दुसऱ्या वर्गातले अवघे ८ टक्के पुरुष वाचले, तिसऱ्या वर्गातल्या पुरुषांहूनही कमी. कोणता घटक कधी तारेल आणि कधी मारेल हे प्रसंगावर ठरतं; एकाने दुसरा पुसला जात नाही.

राहिल्या सबबी. हा शब्द मला सगळ्यात जास्त लागतो. मरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लइनाथन या अर्थतज्ज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोतल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींना सुमारे ५००० अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव जुळवलेले. नावं मात्र काहींवर गोऱ्यांत रूढ असलेली, काहींवर कृष्णवर्णीयांत. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आला: गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण १० अर्जांमागे एक बोलावणं, दुसऱ्या नावाला १५ अर्जांमागे एक. या प्रयोगात आळशी कोणाला म्हणायचं? अर्जांमागे माणसं नव्हतीच, सगळे उमेदवार कागदावरचे होते. उशिरा उठणारं, सबब सांगणारं तिथे कोणीच नव्हतं. फक्त नाव बदललं, आणि तेवढ्याच लायकीला दीडपट अर्ज करावे लागले.