खुलासा: सम्राट जिम्मू आणि इ.स.पूर्व ६६०

'जपानचा पहिला सम्राट जिम्मू इ.स.पूर्व ६६० मध्ये गादीवर बसला, काशिहाराचं मंदिर त्याच काळचं, पुरावेही सापडलेत' असा मेसेज फिरतोय. तसं नाही. मंदिर १८९० सालचं. इ.स.पूर्व ६६० हे साल येतं इ.स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या 'निहोन शोकी' या जपानी इतिहासग्रंथातून, म्हणजे तेराशेहून अधिक वर्षांनंतर. तोच ग्रंथ जिम्मूला १२७ वर्षांचं आयुष्य देतो!

जिम्मूचा समकालीन पुरावा नाहीच. तसा पुरावा मिळतो तो खूप नंतरच्या राजाचा: जपानमधल्या इनारियामा या प्राचीन थडग्यातल्या गंजक्या तलवारीवर १९७८ मध्ये क्ष-किरणांत सोन्यात जडवलेली ११५ अक्षरं दिसली. त्यात 'वाकाताकेरु' हे राजाचं नाव आहे. बहुतेक अभ्यासक त्याला सम्राट युर्याकू मानतात आणि तलवारीवरचं साल इ.स. ४७१ धरतात. जपान ११ फेब्रुवारीला, म्हणजे जिम्मू गादीवर बसल्याच्या पारंपरिक तारखेला, स्थापनादिन पाळतो, तो परंपरेचा मान म्हणून.

मेसेज कृपया पुढे ढकलू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.