मग सुधारणार तरी काय?

आज कामावर जाताना रेडिओ लावला आणि डोकंच फिरलं. ब्रिटनच्या लेबर सरकारचं परत तेच पालुपद. युरोपशी संबंध सुधारायचेत, पण सिंगल मार्केट (युरोपची सामायिक बाजारपेठ) नाही, कस्टम्स युनियन (आपसात जकात नसलेला संघ) नाही, माणसांचा मुक्त वावर तर नाहीच. आणि हे म्हणणारे कोण, तर २०१६ च्या सार्वमतात ‘युरोपीय संघात राहूया’ म्हणणारे!

ब्रेक्झिटवाल्यांना, म्हणजे ‘बाहेर पडूया’ म्हणणाऱ्यांना, काय हवं होतं ते त्यांनी तोंडावर सांगितलं. मला जास्त संताप येतो तो या धड इकडचे ना तिकडचे अशा मधल्यांचा.

सार्वमताआधी इंग्लंडमधल्या स्विंडनला आमच्या दारात ‘राहूया’वाला एकजण पत्रकं घेऊन आला होता. शेजारच्या मावशी माझ्याकडेच बसल्या होत्या. मूळच्या गोव्याच्या, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या, गोदामात रात्रपाळी करणाऱ्या. मी भारतीय, म्हणजे कॉमनवेल्थची, म्हणून मला मत. त्या युरोपच्या नागरिक, तर त्यांना नाही! पत्रकात लिहिलेलं: बाहेर पडलो तर घरटी वर्षाला ४,३०० पौंडांचा फटका. मावशींनी विचारलं, “आणि आमचं काय?” तो म्हणाला, “सॉरी, तुम्हाला मत नाही ना,” आणि पुढच्या दाराकडे वळला.

अख्खी मोहीम त्या माणसासारखीच. नुसते पौंड. तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरन यांनी ब्रुसेल्सहून सौदा आणला तोही युरोपातून येणाऱ्या कामगारांचे भत्ते कापण्याचा. समोरचा म्हणतो ‘फार आलेत’, तुम्ही म्हणता ‘हो, जरा जास्तच’. मग लोक त्यालाच मत देणार ना? ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडायला दिलं. स्विंडननंही दिलं.

पैशाची भीती खोटी नव्हती, मान्य. पण १ एप्रिल २०१९ चं काय? संसदेत खासदार केन क्लार्क यांचा, बाहेर पडूनही कस्टम्स युनियन ठेवण्याचा ठराव २७६ विरुद्ध २७३ नं पडला. तीन मतं! दुसऱ्या सार्वमताच्या हट्टापायी ‘चेंज यूके’ या युरोपवादी पक्षाच्या खासदारांनी साथ दिली नाही. एरवी उठसूट तडजोडीचे गोडवे गाणारे हे लोक, आणि हाताशी आलेली तडजोड यांनीच घालवली.

त्याच वर्षी मावशींचा सेटल्ड स्टेटसचा, म्हणजे ब्रेक्झिटनंतरही इथे राहण्याच्या परवानगीचा, अर्ज मी भरला. त्यांच्या आयफोनवर तेव्हा ते ॲप चालत नव्हतं, म्हणून माझा फोन. रात्रपाळी करून तशाच आलेल्या, डोळे उघडे राहीनात आणि ॲपला चेहरा नीट दिसेना. मी पदर सारखा करावा तशी त्यांची ओढणी नीट केली, उजेडाला बसवलं. इतकी वर्षं टॅक्स भरणाऱ्या बाईला राहू देण्यासाठी अर्ज करावा लागला, आणि दारातला तो माणूस आजही स्वतःला युरोपप्रेमी म्हणवत असेल.

मित्रांनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लेबरला मत दिलंय. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की एवढंच विचारा: मुक्त वावर चांगला होता की वाईट? ‘तसं नाही, पण…’ सुरू झालं की थांबवा. हो की नाही, तेवढंच सांगायला लावा.