फुल्या फुल्या फुल्या

आपल्याकडे पेपरात शिवी छापायची नसली की फुल्या टाकतात. त्यामुळे ॲम्स्टरडॅमला नवीन आलो तेव्हा झेंड्यावर, रस्त्याकडेच्या खांबांवर, जिथे बघावं तिथे तीन फुल्या, म्हटलं हे शहर एवढं कोणावर चिडलंय? एका मित्राने डोळा मारून रेड लाइट एरियाकडे बोट दाखवलं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यालाही तेच वाटतं.

तसं काही नाहीये हो. ते शहराचं चिन्ह आहे. लाल ढाल, मधोमध उभा काळा पट्टा, त्यावर एकाखाली एक तीन पांढरे तिरपे क्रॉस, सेंट अँड्र्यूचे. पूर, आग आणि प्लेग ही शहरावरची तीन संकटं म्हणून तीन फुल्या, अशी एक गोष्ट इथे हमखास ऐकायला मिळते. ऐकायला भारी, पण मला नाही पटत, कुठलं गाव स्वतःच्या ढालीवर प्लेग मिरवेल? त्यापेक्षा फुल्या पर्सैन घराण्याच्या चिन्हावरून आल्या हे म्हणणं पटतं. 13व्या शतकात यान पर्सैन नावाचा सरदार इथला मालक होता, आणि शेजारच्या आम्स्टलफेनच्या (आपली आयटीवाली जनता भरपूर राहते तेच) चिन्हातही अशाच फुल्या आहेत, तोही त्याच घराण्याचा मुलूख. थोडक्यात सातबाऱ्यावरचं नाव, बाकी काही नाही.

वरचा मुकुट 1489चा. शहराने हाब्सबर्ग घराण्यातल्या राजा मॅक्सिमिलियनला पैशाची मदत केली होती, त्याने बदल्यात आपला मुकुट चिन्हावर लावायची परवानगी दिली. पुढे त्याच्याच घराण्यातल्या स्पेनच्या राजाशी भांडण झालं, 1578ला शहर प्रोटेस्टंटांकडे गेलं, तरी मुकुट काही उतरवला नाही, वेस्टरकेर्क चर्चच्या टॉवरवर पण बसवला. व्यापारी माणसं, आयता ब्रँड कोण सोडतंय.

पण मी अडकतो ते खालच्या पट्टीवर. हेल्डहाफ्टिख, फास्टबेराडेन, बार्महार्टिख. शूर, निश्चयी, दयाळू. हे शब्द जुने नाहीत, 1947 साली नेदरलँड्सच्या राणी विल्हेल्मिनाने दिले, दुसऱ्या महायुद्धातल्या धैर्यासाठी. आणि ते धैर्य खरं होतं. फेब्रुवारी 1941 मध्ये नाझींनी 400हून जास्त ज्यू तरुण रस्त्यावरून उचलले तेव्हा 25 तारखेला ट्राम थांबल्या, गोदी थांबली, अख्खं शहर संपावर गेलं, ज्यूंसाठी असा संप त्या काळात करायला जिगर लागते राव.

पण पुढे त्याच शहराच्या ट्राममधून ज्यूंना स्टेशनला नेलं, तिथून छावण्यांकडे. आणि जे मोजके जिवंत परत आले त्यांच्याकडे नगरपालिकेने घराखालच्या आपल्या मालकीच्या जमिनीचं थकलेलं भाडं मागितलं, वर दंड! म्हणजे माणूस छावणीत, घरात दुसरंच कोणी, आणि बिल याच्या नावावर. एकीकडे ढालीखाली दयाळू लिहून घेतलं आणि दुसरीकडे ही वसुली. 2013ला कागद बाहेर आले, 2016ला शहराने 1 कोटी युरो ज्यू समाजाला द्यायचं ठरवलं. सत्तर वर्षांनी.

तो शब्द काढून टाका असं मी म्हणत नाहीये, संपावर गेलेल्यांनी तो कमावलाय. पण तो नगरपालिकेच्या लेटरहेडवर बघितला की मला कसंतरीच होतं.

मागे मामा आले होते, त्यांना कालव्याकाठी बसून हे सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, अरे मग फुल्या बरोबरच आहेत की.