कुर्लेकर, तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

कुर्लेकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. रात्री जेवणं आटोपल्यावर पुन्हा वाचली आणि वाटलं, हिला दोन ओळींत 'मताचा आदर आहे' म्हणून वाटेला लावणं बरं नाही. म्हणून हे लांबलचक उत्तर.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. केंद्राने १९७५ साली पूरमैदान विभागणीच्या, म्हणजे पुराचं पाणी पसरतं त्या जमिनीवर कुठे काय बांधता येईल ते ठरवणाऱ्या कायद्याचा एक नमुना मसुदा सगळ्या राज्यांना पाठवला. पाणी हा राज्यांचा विषय, त्यामुळे कायदा करायचा राज्यांनीच. मणिपूरने १९७८ मध्ये केला, राजस्थानने १९९० मध्ये, उत्तराखंडने २०१२ मध्ये. आपल्याकडे महाराष्ट्रात पुराची हद्द दाखवणारी निळी रेषा आणि लाल रेषा आहे, पण ती परिपत्रकांच्या आणि विकास नियमावलीच्या आधारावर. मी लिहिलं होतं की हा मसुदा आता तरी आणावा आणि त्यात मोजणी करणाऱ्याची जबाबदारी नावानिशी लिहावी. तुमचं म्हणणं असं, की हा लेख म्हणजे सर्व्हेयर मंडळींनी स्वतःच्या पोटासाठी केलेली मागणी आहे. उपग्रह, ड्रोन, लायडार (लेसरने उंची मोजणारं यंत्र) असताना तिपाई खांद्यावर टाकून फिरणाऱ्यांची गरज काय. आणि रेषा आखली की टॉवरला धक्का लागत नाही, बुलडोझर चाळीवर येतो. शेवटी विचारलंत, '२६ जुलैला आमच्या घरात पाणी कुठपर्यंत आलं होतं ते तुमच्या कुठल्या नकाशात आहे?' तो प्रश्न शेवटाला घेतो.

पोटाचं आधी. हो, कायदा आला तर कामं निघतील. नदीचे आडवे छेद, नाल्यांच्या तळाच्या पातळ्या, कंटूर म्हणजे समान उंचीच्या रेषा, सगळं नव्याने लागेल. त्यात माझ्यासारख्यांना चार पैसे मिळतील हे लपवण्यात अर्थ नाही. पण कायदा आला की नकाशेवाल्यांची चांदी होते हे तितकंसं खरं नाही. २०१६ साली भू-अवकाशीय माहितीच्या नियमनाचा मसुदा आला होता. परवानगीशिवाय नकाशाची माहिती गोळा केली, वाटली, तर दंड १०० कोटींपर्यंत! आमच्या व्यवसायातली निम्मी माणसं तेव्हा फोनमधले नकाशे पुसायचे का, असं एकमेकांना विचारत होती. तो मसुदा बारगळला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने उलट दिशेने दारं उघडली. तेव्हा कायद्याच्या मसुद्याकडे मी हावरटासारखा पाहत नाही. मला काम वाढवून नको आहे, कामाखाली सही हवी आहे. कारण सांगतो. ते माझ्याच चुकीतून आलं आहे आणि मूळ लेखात मी ते लिहिलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी एका सल्लागार कंपनीसाठी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका नाल्याच्या दोन्ही काठांच्या पातळ्या घेत होतो. सुरुवातीला बेंचमार्क लागतो, म्हणजे जिची उंची आधीच ठाऊक आहे अशी पक्की खूण. नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर लाल रंगात ठळक 'बी.एम.' आणि खाली आकडा होता, आम्हाला दिलेल्या यादीतही तोच. ऑटो लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण लावली, खलाशी (आमचा मदतनीस) स्टाफ, म्हणजे मापाची उभी पट्टी घेऊन गल्लीत शिरला. दिवसभर काम केलं आणि संध्याकाळी फिरून त्याच कठड्यावर येऊन लेव्हल बंद केली. फरक ४ मिलिमीटर. इतकं स्वच्छ काम झाल्यावर माणूस घरी जाताना वडापाव खातो, मीही खाल्ला.

वर्षभराने दुसऱ्या कामासाठी स्टेशनच्या बाजूने, दुसऱ्या बेंचमार्कवरून त्याच गल्लीत आलो. जुन्या पातळीत आणि नव्या पातळीत ३८ सेंटीमीटरचा फरक. आधी स्वतःवर संशय घेतला, दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा मोजलं, तरी ३८. मग मोरीचा जुना आराखडा मिळवला तेव्हा उलगडा झाला. मोरी मध्यंतरी नव्याने बांधली होती, कठडा वर गेला होता. कुणीतरी इमानदारीने जुना आकडा नव्या कठड्यावर जसाच्या तसा रंगवला होता. मी निघालो तिथेच परत आलो, म्हणून माझी लेव्हल सुंदर बंद झाली. चुकीच्या खुणेवरून निघून चुकीच्याच खुणेवर परतलं तर हिशोब जुळतोच.

आता याचा परिणाम बघा. कठडा प्रत्यक्षात उंच, आकडा जुना, म्हणजे माझ्या नकाशात ती सगळी गल्ली प्रत्यक्षापेक्षा ३८ सेंटीमीटर खाली गेली. पुराची पातळी वेगळ्या ठिकाणाहून आलेली, ती जागच्या जागी. जमीन खाली दिसली की पाणी पसरलेलं दिसतं. जमिनीचा उतार हजाराला एक असेल तर ३० सेंटीमीटरची चूक म्हणजे रेषा ३०० मीटर सरकली. ३०० मीटरमध्ये तुमच्या भागात किती घरं बसतात ते मी तुम्हाला सांगायला नको.

मी कंपनीला पत्र दिलं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. पुढे त्या पातळ्यांचं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही, सांगायला कुणी बांधील नव्हतं. नकाशावर माझं नाव नव्हतं, बेंचमार्क कुठला तेही नव्हतं. पूररेषेच्या नकाशावर अधिकाऱ्याची सही असते. ती ज्या पातळ्यांवर उभी आहे त्या कोणी, कधी, कुठून आणल्या हे मी पाहिलेल्या नकाशांवर क्वचितच सापडलं. कायद्यात एवढं एकच कलम हवं, की पातळी देणाऱ्याने बेंचमार्कसकट सही करावी, ती पातळी लोकांना पाहायला खुली असावी आणि चूक दाखवली तर ती दुरुस्त करणं बंधनकारक असावं. उद्या माझ्यावरच कारवाई झाली तरी चालेल.

लायडारबद्दल. विमानातून किंवा ड्रोनवरून लेसर टाकून जमिनीची उंची घेण्याचं तंत्र उत्तम आहे, मी त्याचा डेटा रोज वापरतो. पण नेहमीचा लेसर पाण्यात शोषला जातो. त्यामुळे नाल्याचा तळ, म्हणजे पुराच्या हिशोबातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, त्याला दिसतच नाही. हिरव्या प्रकाशाचा लेसर पाण्यात उतरतो, पण पाणी निवळशंख असेल तर; मिठी नदीचं पाणी कसलं असतं ते तुम्ही रोज पुलावरून बघता. तिवरांखालची जमीन, ताडपत्रीखालच्या गल्ल्या, मेट्रोच्या पुलाखालचा रस्ता, सगळीकडे हीच रड. आणि ड्रोन म्हणाल, तर मिठी विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते. तिथे ड्रोन उडवून दाखवा, मी तुमच्या जामिनाची सोय बघतो.

त्यात या शहरात उंची मोजायचा शून्य (डेटम म्हणतात त्याला) एक नाही. भरती ४.५ मीटरची असं पेपरात येतं तेव्हा ती बंदराच्या चार्ट डेटमपासून मोजलेली असते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे सरासरी समुद्रसपाटीपासून बोलतात. महापालिकेचं जुनं काम टाऊन हॉल डेटमवर, म्हणजे एशियाटिक लायब्ररीच्या त्या पायऱ्यांच्या इमारतीवरून नाव पडलेला शून्य, ज्याचे आकडे समुद्रसपाटीच्या आकड्यांपेक्षा वीस मीटरहून जास्त मोठे येतात. जीपीएस तर चौथ्याच काल्पनिक पृष्ठभागावरून मोजतं. मुंबईत समुद्रकिनारी उभं राहून कच्चं वाचन घेतलंत तर उणे साठच्याही खाली आकडा दिसेल, घाबरू नका. हे चार आकडे एकाच तक्त्यात मिसळलेले मी पाहिले आहेत. उपग्रह ते सोडवून देत नाही, तिथे माणूसच बसावा लागतो.

बुलडोझरचा मुद्दा मात्र तुमचा खरा आहे आणि तिथे मी मूळ लेखात हलगर्जीपणा केला. १९७५ च्या मसुद्यात सर्वेक्षण आणि हद्द जाहीर करण्याबरोबर नुकसानभरपाईचंही प्रकरण आहे. वापरावर बंदी आणली आणि त्याने एखाद्याचं नुकसान झालं तर भरपाई, असं ते तत्त्व. मी सर्वेक्षणाच्या भागाचा पाल्हाळ लावला आणि भरपाईवर अवाक्षर काढलं नाही. धंद्याची नजर म्हणा हवं तर. शिवाय ज्याच्या हातात कागद नाही त्याला ही भरपाई कशी मिळणार, याचं उत्तर त्या मसुद्यातून मिळत नाही. तुम्ही हे बोट ठेवलंत ते बरोबर ठेवलंत.

पण कायदा नाही म्हणून चाळ वाचते आहे, हे मला पटत नाही. इमारतीच्या परवानगीपत्रात वर्षानुवर्षं एक अट छापून येत आली आहे: सखल भूखंड ९२ टाऊन हॉल डेटमपर्यंत, किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा ६ इंच वर, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत मुरूम-मातीने भरून घ्यावा. ९२ म्हणजे फूट, साधारण २८ मीटर. वाचायला निरुपद्रवी. आता शंभर भूखंडांवर ती लावा. प्रत्येक नवी इमारत भराव टाकून वर चढते, रस्त्यावर थरावर थर चढतात, पुढची इमारत त्या उंचावलेल्या रस्त्याच्याही ६ इंच वर. मधे राहते ती तुमची १९६० ची बैठी चाळ, वाटीच्या तळासारखी. तिचा भराव कोण टाकणार? हाही नियमच आहे, कुर्लेकर. फक्त तो एकेक प्लॉट बघतो, आणि पाणी प्लॉट बघून वाहत नाही. टॉवरला रेषेचा धक्का लागत नाही म्हणता, तर कुणाच्या भरावाने कुणाच्या घरात पाणी गेलं हे दाखवायलाही आधी पातळ्याच लागतात.

आणखी एक दोष, जो तुम्ही काढला नाहीत म्हणून मीच काढतो. तो मसुदा नदीचा विचार करून लिहिला आहे. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. (१०० वर्षांचा म्हणजे शंभर वर्षं निर्धास्त, असं नव्हे. दरवर्षी शंभरात एक शक्यता. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता चारात एकाहून थोडी जास्त.) पण दादरच्या हिंदमाताला कुठली नदी आहे? तिथे पाणी तुंबतं कारण जागा खोलगट आहे आणि भरतीच्या वेळी पाण्याला समुद्रात जायला वाट नसते. मिलन सबवेचंही तसंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७५ देखील नाही. नदीपासून दोन समांतर रेषा ओढून मुंबईचं हे पाणी पकडता येणार नाही.

म्हणून मला इंग्लंडच्या कायद्यातलं एक कलम जास्त आवडतं. २००७ च्या उन्हाळ्यात तिकडे मोठे पूर आले, त्यातून २०१० चा पूर आणि पाणी व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्याच्या २१ व्या कलमानुसार स्थानिक प्राधिकरणाने पुरावर मोठा परिणाम करू शकणाऱ्या बांधकामांची नोंदवही ठेवायची: भिंत, बांध, मोरी, जे असेल ते. मालक कोण आणि अवस्था काय, याचीही नोंद. नोंदवही लोकांना बघायला खुली. आपल्या एका नाल्यावर अशी नोंदवही करून बघा. आडवे गेलेले पाइप, केबलच्या नळ्या, नाल्यात पाय रोवलेली भिंत, प्रत्येकाचा मालक शोधायचा. माझी खात्री आहे, पहिल्याच महिन्यात निम्म्या पाइपांना मालक मिळणार नाही. हे काम रेषेइतकं भपकेदार नाही, पण यात चाळीवर बुलडोझर येत नाही. मूळ लेखाच्या पुढच्या भागात यावरच लिहीन.

आता तुमचा प्रश्न. तुमच्या घरात पाणी कुठपर्यंत आलं होतं ते माझ्या कुठल्याही नकाशात नाही. असायला हवं होतं. पुराच्या गणिताला ज्या खऱ्या आकड्यांवर तपासून बघायचं ते असेच लोकांच्या भिंतींवर असतात, आणि दर दिवाळीला रंगाखाली जातात. एका घरात मला आजींनी कपाट सरकवून डाग दाखवला होता. चार मीटरचा स्टाफ पोटमाळ्यामुळे उभा राहीना, शेवटी टेपने खिडकीच्या चौकटीपासून माप घेतलं आणि चौकटीची पातळी बाहेरून आणली. 'लादीपासून मोजा की,' असं आजींचा मुलगा म्हणत होता. आजी म्हणाल्या, 'लादी त्यानंतर दोनदा उचलली आहे.' त्या मधे बोलल्या नसत्या तर माझ्या वहीत दोन लाद्यांची चूक गेली असती.

तेव्हा तुमच्या भिंतीवरची खूण अजून शाबूत असेल तर तिचा फोटो काढा, शेजारी टेप धरून. माप लादीपासून नको, खिडकीच्या खालच्या कडेपासून किंवा जी चौकट २००५ पासून हलली नाही तिच्यापासून घ्या. पाणी किती वाजता तिथे होतं ते आठवत असेल तर तेही लिहा, त्यावरून भरती की ओहोटी ते मी काढीन. आणि लादी कितीदा बदलली आणि दर वेळी किती इंच वर घेतली, हे घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारून लिहा.