इंटरस्टेट सोडा, पण दिवसाला १०० मैलच

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा अमेरिकेत येतात, मिनीव्हॅन भाड्याने घेतली जाते, फोनमध्ये पत्ता टाकला जातो आणि फोन दाखवील त्या इंटरस्टेटला सगळं घर लागतं. संध्याकाळी मोटेलवर पोचल्यावर आईला विचारा, आज काय पाहिलं? ट्रक. आणि एक्झिटपाशी पुन्हापुन्हा तोच बर्गर, तीच कॉफी. इतक्या लांब येऊन अमेरिकेतलं एकही गाव नजरेखालून गेलेलं नसतं, कारण इंटरस्टेट गावात शिरतच नाही. १९५६ च्या कायद्यानं हे जाळं उभं राहिलं ते न थांबता लांबचा पल्ला गाठण्यासाठी. सिग्नल नाही, चौक नाही, कुणाच्या घराचं फाटक रस्त्यावर उघडत नाही. एक्स्प्रेसवेनं पुण्याला गेलं की लोणावळ्याची बाजारपेठ लागत नाही, तसंच हे.

म्हणून सगळाच प्रवास आडवाटेनं करायचा, हेही चूक. उत्साही मंडळी ही चूक हटकून करतात, रात्री नऊला उपाशी पोचतात आणि पुन्हा कधी इंटरस्टेट सोडत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे, की दिवसातले १०० मैल निवडून टू-लेन रस्त्यावर (जायला एक लेन, यायला एक) काढा, बाकी इंटरस्टेटनं मारा. हिशेब साधा आहे. चहा-पाणी धरून इंटरस्टेटवर तासाला ६० मैल पडतात, टू-लेनवर ४० ते ४५, घाटात ३०-३५. ४०० मैलांचा दिवस इंटरस्टेटनं पावणेसात तासांचा. सगळा टू-लेननं केला तर नऊ-दहा तासांचा. त्यातले १०० मैलच टू-लेनवर घेतले तर साडेसात तास. म्हणजे वाढला तो पाऊण तास. आजचे मैल किती, हे विचारूच नका. तास किती, ते विचारा.

रस्ता शोधायचा कसा? पाटीवर निळी-लाल ढाल म्हणजे इंटरस्टेट (नावात 'आय'), काळ्या चौकोनातली पांढरी ढाल म्हणजे यूएस हायवे. दोन्हींत विषम आकडे उत्तर-दक्षिण आणि सम आकडे पूर्व-पश्चिम, पण मोजणी उलट्या टोकांकडून. आय-५ पश्चिम किनाऱ्याला, आय-९५ पूर्वेला. यूएस १ पूर्वेला, यूएस १०१ पश्चिमेला. यूएस हायवेचे आकडे १९२६ मध्ये ठरले, इंटरस्टेट नंतर आले आणि गोंधळ नको म्हणून मुद्दाम उलटे मोजले. बऱ्याच इंटरस्टेटच्या शेजारून असा एखादा म्हातारा हायवे अजून चालत असतो. मात्र प्रत्येक म्हातारा भेटण्यासारखा नसतो. न्यू जर्सीत एडिसनवरून जाणारा यूएस १ म्हणजे सिग्नल आणि मॉल; तिथे गुपचूप आय-९५ धरा.

सगळ्यात सोपी सुरुवात लास वेगास ते ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठापर्यंतच्या प्रवासात होते, आणि आपली निम्मी मंडळी तो करतातच. ॲरिझोनात किंगमनला आलं की फोन आय-४० वर ढकलतो. सेलिग्मनपर्यंत साधारण ७० मैल. त्याऐवजी किंगमन गावातून जुना रूट ६६ (आय-४० च्या आधीचा हायवे) धरायचा. हॅकबेरी, ट्रक्स्टन, पीच स्प्रिंग्स करत सेलिग्मन, साधारण ८७ मैल. जास्तीचे सतरा मैल आणि अर्धा-पाऊण तास, बस. रस्ता डांबरी, सरळ, उताराला सौम्य. पहिल्यांदा टू-लेन चालवणाऱ्यालाही जमतो. शेजारून मालगाडी धावते, कडेला छोट्या लाल पाट्यांवर एकेक ओळ करत जुन्या पद्धतीची दाढीच्या क्रीमची जाहिरात वाचायला मिळते. पीच स्प्रिंग्स ही हुआलापाई लोकांची राजधानी. सेलिग्मनचं बघण्यासारखं म्हणजे ते गाव अजून जिवंत आहे. १९७८ मध्ये आय-४० बाजूनं गेला आणि गावातली रहदारी एका दिवसात आटली. तिथले न्हावी एंजेल डेलगाडिलो यांनी १९८७ मध्ये माणसं जमवून संघटना काढली आणि राज्याकडून या रस्त्याला ऐतिहासिक दर्जा मिळवला. गाव मेलं नाही ते त्यामुळे. तिथे थांबून पाय मोकळे करा, चार पैसे खर्च करा. आय-४० पुढच्याच एक्झिटला मिळतो.

इथे दोन चुका होतात. ग्रँड कॅन्यनवरचा काचेचा स्कायवॉक याच वाटेवर आहे असं समजून लोक येतात. त्याचा फाटा किंगमनच्या आधी यूएस ९३ वरूनच फुटतो. दुसरी चूक घड्याळाची. ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, त्यामुळे हिवाळ्यात वेगासहून निघताना एक तास गमावता, उन्हाळ्यात नाही.

पूर्वेकडे आय-८१ हे दुखणं आहे. व्हर्जिनियात तो ट्रकांनी इतका भरलेला असतो, की शेनँडोआ खोरं डोळ्यांसमोर असून दिसत नाही. शेजारचा यूएस ११ जुन्या गावांच्या मुख्य पेठेतून जातो. स्ट्रासबर्ग ते न्यू मार्केट हा पट्टा घ्या, हॅरिसनबर्ग आणि स्टाँटन इंटरस्टेटनं ओलांडा (सिग्नल फार), मग लेक्सिंग्टन ते नॅचरल ब्रिज पुन्हा यूएस ११. हा रस्ता सुमारे २०० फूट उंचीच्या त्या नैसर्गिक दगडी कमानीच्या माथ्यावरूनच जातो, पण गाडीतून काही दिसत नाही. तिकीट काढून खाली उतरावंच लागतं.

या खोऱ्याशेजारच्या डोंगरावरचा ब्लू रिज पार्कवे सगळ्यांना ठाऊक असतो आणि सगळे तो चुकीचा वापरतात. ४६९ मैल, वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ४५, पूर्ण रस्त्यावर एकही गॅस स्टेशन (पेट्रोल पंप) नाही. हा पोचण्याचा रस्ताच नव्हे. ४० मैलांचा तुकडा निवडा, वर चढताना टाकी भरा, खाली उतरा. वळणं एवढी की मागच्या सीटवरचा माणूस तासाभरात पांढरा पडतो. पोटभर जेवून वर जाऊ नका, आजीला पुढे बसवा, आलेपाक हाताशी ठेवा. हिवाळ्यात बर्फासाठी फाटकं बंद होतात आणि बोगद्यांत ठिबकणारं पाणी गोठतं. २०२४ च्या हेलीन वादळानं नॉर्थ कॅरोलायनातल्या भागाचं मोठं नुकसान केलं, म्हणून निघायच्या सकाळी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या पानावर आपल्या मैलाच्या दगडांसमोर काय लिहिलंय ते बघाच.

युटामध्ये ब्राइस कॅन्यनहून मोआबला जाताना आय-७० घेणाऱ्यांना मात्र मी हात जोडून सांगेन, घेऊ नका. हायवे १२ आणि पुढे २४ घ्या. मैल फारसे वाढत नाहीत, वेळ वाढतो, तो वाढू द्या. एस्कलांटे आणि बोल्डरच्या मध्ये रस्ता डोंगराच्या अरुंद कण्यावरून जातो, दोन्ही बाजूंना दरी, कठडा नाही. पुढे ९,६०० फुटांचा घाट. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका: तापलेला ब्रेक पकड सोडतो. गिअर 'एल'वर किंवा मॅन्युअलवर टाका, वेग इंजिनाला धरू द्या, ब्रेक मारायचा तो थोडा वेळ, जोरात, आणि सोडायचा. हा पट्टा अंधारात नको. त्या घाटात गाई आणि हरणं रस्त्यावरच असतात.

गॅसचा नियम एकच: अर्धी टाकी झाली की भरायची. नेवाडात यूएस ५० वर फॅलन ते ऑस्टिन ११० मैल, ऑस्टिन ते युरिका ७०, युरिका ते ईली ७७, आणि मध्ये मिडलगेटसारखा एखादाच थांबा. आडरस्त्यालाच असं होतं असंही नाही. युटात आय-७० वर सलायना ते ग्रीन रिव्हर शंभरहून जास्त मैल काहीही नाही. आणखी एक खोच: युटासारख्या उंचावरच्या राज्यात पंपावर 'रेग्युलर' म्हणजे ८५ ऑक्टेन. गाडीच्या पुस्तकात किमान ८७ लिहिलेलं असेल तर मधलं बटण दाबा. आई-बाबांचं भारतीय कार्ड पंपावर झिप कोड मागून नाकारलं जातं. आत काउंटरवर पंपाचा नंबर सांगून आधी पैसे द्यायचे.

ओव्हरटेक हा खरा धोका. आपल्या बाजूची पिवळी रेघ तुटक असेल तरच. समोरची गाडी ५५ नं चालली आहे, तुम्ही ६५ नं निघालात, तर सुरक्षित अंतर सोडून पुढे जायला १३-१४ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही पाव मैल जाता आणि समोरून येणाराही पाव मैल येतो. म्हणजे अर्धा मैल रस्ता मोकळा दिसत नसेल तर थांबा. बऱ्याच ठिकाणी पुढे ओव्हरटेकसाठी जास्तीची लेन मिळते. तुम्हीच हळू असाल तर कडेच्या जागेत गाडी घेऊन मागच्यांना जाऊ द्या. कॅलिफोर्नियात मागे ५ गाड्या साठल्या की तसं करणं कायद्यानंच बंधनकारक आहे. गाव आलं की मर्यादा ६५ वरून ४५ आणि लगेच २५ होते, तीही पाटीपासून. पाटी ओलांडल्यावर ब्रेक मारणाऱ्याला पोलीस तिथेच गाठतो. स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकले आणि मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यानंही थांबायचं.

जेवणाचं आधीच बघा. छोट्या गावात आठनंतर स्वयंपाकघर बंद, रविवारी पुष्कळदा पूर्ण दिवस. शाकाहारी माणसानं बीन्स मागवताना ते डुकराच्या चरबीत शिजवलेत का, हे विचारायचं. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट आणि छोटा राइस कुकर एवढं बरोबर असलं की मोटेलच्या खोलीत भात होतो. अशा मोटेलच्या काउंटरवर गुजराती कुटुंब भेटण्याची शक्यता चांगली असते. गरम पाणी आणि दही कुठे मिळेल ते तेच सांगतात.

फोनमधलं 'हायवे टाळा' बटण मात्र दाबू नका. ते चांगले यूएस हायवेही कधी टाळतं आणि कच्च्या रस्त्यावर नेतं, जिथे भाड्याच्या गाडीचा करार बहुधा जायलाच मनाई करतो. हवा त्या रस्त्यावरचं एखादं गाव मधला थांबा म्हणून टाका, जसं किंगमन ते सेलिग्मनसाठी पीच स्प्रिंग्स. नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या. आणि गाडी ताब्यात घेताना डिकीचा तळ उचलून स्टेपनी आहे का बघा. पुष्कळ नव्या गाड्यांत तिच्या जागी नुसता हवा-गोंदाचा संच असतो, आणि टायर बाजूनं फाटला तर तो काहीच कामाचा नसतो.