समिती ठणठणीत ठेवण्याची पथ्ये

अभिनंदन! ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर तुमची वर्णी लागली. नाव लांबलचक आहे, पण काम आखूड करता येतं.

बैठक दरमहा घ्यायची असते. ती लावणीच्या दिवसांत सकाळी अकराला ठेवा. निम्म्या सदस्य महिला असाव्यात असा दंडक आहे, आणि त्या वेळी त्या गुडघाभर चिखलात असतात. संध्याकाळी शिपायाच्या पिशवीतून इतिवृत्ताची वही घरोघर फिरवा. ‘सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’ एवढं आधीच लिहिलेलं असावं. फक्त सगळ्या सह्या एकाच पेनानं नकोत.

आता अबंधित निधी, गावाला वर्षाचे मूळ ठरलेले १०,००० रुपये. अबंधित म्हणजे गरज बघून गावानं खर्चायचा: अडलेल्या बाळंतिणीचं गाडीभाडं, हातपंपाजवळचं डबकं, कुपोषित पोराला तालुक्याला नेणं. या भानगडीत पडू नका, रात्रीचा जीपवाला पावती देत नाही. मार्च अखेरीस सतरंजी, चार खुर्च्या आणि भिंतीवरचं घड्याळ घ्या. पक्कं बिल मिळतं. पुढच्या मार्चात त्याच घड्याळात नवा सेलही घालता येतो.

खरी डोकेदुखी प्रगतिपत्रकाची. २००७ मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली आणि गावकरी दवाखान्यालाच हिरवा, पिवळा, लाल शेरा द्यायला लागले. हिरवा हवा असेल तर बाह्यरुग्ण विभागात, डॉक्टरसाहेबांच्या देखत विचारा, ‘काय मावशी, सेवा बरी आहे ना?’ बरीच असते. ‘बाळंतपणात कुणाकुणाच्या हातावर किती ठेवले? सलाईन बाहेरून आणायला लावलं का? घरी सोडायला गाडी दिली, की जीप केली?’ असं नेमकं विचारू नका. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, जेवण, जाण्यायेण्याची गाडी हे सगळं २०११ पासून मोफत आहे. बाईला हे कळलं की हिरव्याचा लाल व्हायला वेळ लागत नाही. लांबच्या पाड्यावर तर फिरकूच नका. तिथली शेंबडी पोरंसुद्धा नर्सबाई शेवटच्या कधी आल्या ते सांगतात. आशाताईंचं मत घ्या, पण नर्सबाई शेजारी असताना; आशाताईंच्या मोबदल्याच्या फॉर्मवर नर्सबाईंचीच सही लागते.

जनसुनवाई, म्हणजे गावकऱ्यांनी भर सभेत दवाखान्याच्या तक्रारी मांडणं, टळलीच नाही तर सत्कार आणि भाषणं दोन वाजेपर्यंत ओढा. तक्रारदार उभा राहिला की पहिला प्रश्न, ‘लेखी अर्ज दिला होता का?’ एवढ्यावर बहुतेक जण बसतात. एखादी म्हातारी मात्र पदराची गाठ सोडून मेडिकलची चुरगळलेली पावती काढते: नातवाला कुत्रं चावलं, इंजेक्शन विकत आणलं, तारीख अमुक. अशा वेळी कुणी दवाखान्याची साठा नोंदवही मागू नये, हे बघा. पावती आणि वही एका टेबलावर आली आणि त्याच तारखेला लस ‘शिल्लक १२’ निघाली, तर लगेच चहा सांगा आणि साखर कमी पडल्याबद्दल आवाज चढवा.