संध्याकाळ लुटायची आणि वर विश्रांतीचे धडे द्यायचे

दिवसभराचे काम संपल्यावर मन शांत कसे करावे, याचे सल्ले देणाऱ्यांचा आता मला मनापासून संताप येऊ लागला आहे. दीर्घ श्वास घ्या, मोबाइल बाजूला ठेवा, एखादा छंद जोपासा, रोज अर्धा तास फक्त स्वतःसाठी राखून ठेवा, असे हे सल्ले असतात. आणि देणाऱ्याचा सूर नेहमी असा, की समोरच्या माणसाला मोकळा वेळ भरपूर मिळतो, फक्त तो वापरायची अक्कल त्याला नाही. अहो, अर्धा तास राखून ठेवायला तो आधी हाती तर लागला पाहिजे! आमची संध्याकाळ आमच्या आळसामुळे किंवा बेशिस्तीमुळे वाया जात नाही. ती आमच्याकडून काढून घेतली जाते, आणि काढून घेणारेच पुन्हा ती सत्कारणी कशी लावावी हे आम्हाला शिकवतात. विहीर उपसून न्यायची आणि काठावर उभे राहून पोहण्याचे फायदे सांगायचे, असा हा उद्योग आहे.

काढून घेण्याची पद्धत मात्र मोठी सभ्य असते. रात्री नऊपर्यंत बसा, असे तोंडावर कोणीही सांगत नाही. काम संपते, तुम्ही घरी पोहोचता, कपडे बदलून जरा टेकता आणि तेवढ्यात मोबाइल थरथरतो. ‘बिझी आहात का? दोनच मिनिटांचे काम होते.’ हा प्रश्न नसतोच, कारण ‘हो, आहे’ असे म्हणण्याची सोय त्यात ठेवलेली नसते. संदेश वाचल्याची निळी खूण तिकडे उमटलेली असते, त्यामुळे पाहिलाच नाही असेही म्हणता येत नाही. मग ती फाइल शोधायची, एक आकडा दुरुस्त करायचा, पाठवायची, पाठवल्याचे कळवायचे आणि पलीकडून अंगठ्याचे चित्र येईपर्यंत ताटकळत बसायचे. अंगठा आला म्हणजे सुटलो असे वाटावे, तर त्याच ग्रुपमधला दुसरा कोणी उत्साही गृहस्थ विचारतो, ‘यात मागच्या महिन्याचेही आकडे घालता येतील का?’ काम खरोखरच दोन मिनिटांचे होते, हे मी मान्य करतो. पण त्यापायी आधीची सगळी निवांत बैठक मोडली आणि नंतरचा तासभर डोक्यात तेच आकडे फिरत राहिले, त्याची नोंद कोणत्या हजेरीपटावर होते?

हे केवळ चिडक्या माणसाचे रडगाणे आहे, असे कोणी म्हणू नये. साबिने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली कामानंतर माणूस पुन्हा ताजातवाना कसा होतो हे मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली आणि त्यासाठी चार गोष्टी धरल्या: कामापासून मनाने सुटणे, शरीर आणि मन सैल पडणे, काही नवे शिकून त्यात हात बसणे आणि आपल्या मोकळ्या वेळेवर आपला ताबा असणे. सल्लागार मंडळी पहिल्या तीन गोष्टींवर तासन्‌तास बोलतात. चौथ्या गोष्टीवर मात्र अळीमिळी गुपचिळी, कारण ती बोलायची तर बोट कर्मचाऱ्याकडे नव्हे, वरिष्ठाकडे दाखवावे लागते. कामासाठी उपलब्ध राहण्याची सक्ती असलेल्या फावल्या वेळेचा एक जर्मन अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वेळेत माणसाला बोलावणे कधीही येऊ शकते, ती वेळ फुरसत मानताच येत नाही, असे त्या संशोधकांचे म्हणणे आहे. अशा दिवसानंतरच्या सकाळी लोकांची मनःस्थितीही खालावलेली आढळली. म्हणजे मोबाइल वाजलाच पाहिजे असेही नाही. तो वाजेल या धास्तीने कान टवकारून बसलेला माणूस विश्रांती घेत नसतो, तर तो बिनपगारी पहाऱ्यावर असतो.

आमच्या कार्यालयाने तर यावर कडी केली. कर्मचाऱ्यांचा ताण कमी व्हावा म्हणून तेथे ध्यानाचे ऑनलाइन सत्र ठेवण्यात आले. हेतू उत्तम. वेळ कोणती? संध्याकाळी साडेसहाची, म्हणजे काम संपल्यानंतरची, कारण कामाच्या वेळेत मनःशांतीला परवानगी नाही. उपस्थिती ऐच्छिक असल्याचे पत्रात ठळक अक्षरांत लिहिले होते आणि अनुपस्थित राहणाऱ्यांनी कारण कळवावे, असे त्याच पत्राच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत लिहिले होते. कॅमेरा चालू ठेवणे बंधनकारक होते. डोळे नीट मिटले आहेत की नाहीत, हे तपासायचे असावे. एक मंद आवाज आम्हाला सांगत होता की विचार येतील तसे येऊ द्या आणि जातील तसे जाऊ द्या, आणि त्याच वेळी पडद्याच्या कोपऱ्यात विभागप्रमुखांचा संदेश झळकत होता की उद्याच्या बैठकीचा तक्ता आज रात्रीच हवा आहे. विभागप्रमुख स्वतःही सत्राला हजर होते. त्यांचेही डोळे मिटलेलेच दिसत होते. टाइप कसे केले ते त्यांनाच ठाऊक. सत्र आटोपल्यावर अभिप्रायाचा फॉर्म आला, त्यात आपला ताण किती कमी झाला ते एक ते पाच या अंकांत सांगायचे होते, आणि तो न भरणाऱ्यांना रात्री उशिरा स्मरणपत्रे गेली.

या ढोंगाची मला विशेष चीड येते, कारण त्यात दुखणे आमच्या माथी मारले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार पिचून जाण्याची, व्याख्या केली तेव्हा तो आजार नसून नोकरीशी निगडित अवस्था असल्याचे स्पष्ट केले, आणि कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे ती उद्भवते, असे म्हटले. कामाच्या ठिकाणचा ताण, हे शब्द सोयीस्करपणे गाळून उरलेले सगळे आम्हाला ऐकवले जाते. याच संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये मिळून मांडलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो. घरी सोफ्यावर बसून दिलेली उत्तरे त्या ५५ तासांत कोणी धरतो का? कागदोपत्री आम्ही सगळे वेळेवर घरी जाणारे सुखी लोक आहोत.

आठ तास काम, आठ तास मनोरंजन आणि आठ तास विश्रांती, ही मागणी ब्रिटिश समाजसुधारक रॉबर्ट ओवेन यांनी १८१७ मध्ये मांडली होती. त्यासाठी १८८६ च्या मे महिन्यात शिकागोचे कामगार रस्त्यावर उतरले, तेथे माणसे मेली, आणि १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पहिल्याच कराराने उद्योगांमध्ये दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील चोविसावे कलम विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येकाचा हक्क असल्याचे सांगते. लोकांनी प्राण देऊन मिळवलेला तो मधला आठ तासांचा हिस्सा आमच्या पिढीने ‘ठीक आहे, लगेच पाठवतो’ असे म्हणत फुकटात परत केला. आता त्यासाठी पुन्हा कायदे करावे लागत आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणे भाग पडले. हा कायदा मला गुळमुळीतच वाटतो, कारण चर्चा करा म्हटल्यावर चर्चा कितीही लांबवता येते. पोर्तुगालने २०२१ मध्ये नेम अधिक नीट धरला: कर्मचाऱ्याच्या विश्रांतीच्या काळात अपवादात्मक आपत्ती वगळता त्याच्याशी संपर्क न साधण्याची जबाबदारी तेथे मालकावर टाकली आहे. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतरचे संदेश न वाचण्याचा आणि त्यांना उत्तर न देण्याचा हक्क मिळाला, तोही नकार अवाजवी नसेल तर. घरी गेलेल्या माणसाच्या मागे लागू नये, एवढे साधे सौजन्य लोकांना संसदेकडून शिकावे लागते!

घरकाम आणि मुलांचा अभ्यास ज्यांच्या वाट्याला येतो, आणि बहुतेक घरांत ते बायकांच्याच वाट्याला येते, त्यांच्यासमोर ‘संध्याकाळी स्वतःसाठी वेळ काढा’ हे वाक्य उच्चारण्याचे धाडस लोक कसे करतात, हे मला कळत नाही. त्यांची दुसरी पाळी उंबरठ्यावरच सुरू होते आणि तिला साप्ताहिक सुट्टीही नसते.

आता रात्रीच्या जागरणाविषयी. सगळे झोपल्यावर आम्ही अंथरुणात पडून मध्यरात्रीपर्यंत मोबाइलवर निरर्थक चित्रफिती पाहतो, हे खरे आहे आणि त्यावरून आम्हाला भरपूर बोलणीही बसतात. पडद्याच्या प्रकाशाने झोप बिघडते, सकाळी डोळे चुरचुरतात, हे आम्हाला समजत नाही असे नाही. पण संपूर्ण दिवसात कोणी काही मागत नाही अशी तीच एक वेळ शिल्लक असते, आणि ती झोपेत घालवली तर डोळे उघडताच थेट पुन्हा काम समोर येते. शिवाय ज्या दिवशी काम माणसाला सर्वांत जास्त पिळून काढते, त्याच दिवशी उठून व्यायाम करण्याची किंवा वाद्य हाती घेण्याची ताकद त्याच्यात सर्वांत कमी असते. हा विरोधाभास अभ्यासकांनी नोंदवलेला आहे. सल्ले देणाऱ्यांच्या तो गावीही नसतो.

मला सुगंधी मेणबत्ती नको, श्वास मोजणारे ॲप नको आणि साडेसहाचे ते सत्र तर मुळीच नको. ठरलेल्या वेळेनंतर आलेल्या संदेशाला दुसऱ्या दिवशी कामावर आल्यावर उत्तर दिले तरी चालेल आणि त्याबद्दल वार्षिक मूल्यमापनात कोणाचाही गुण कापला जाणार नाही, एवढी एकच ओळ परिपत्रकात घाला, असे मी वरिष्ठांना सुचवले होते. ‘आपल्याकडे तशी सक्ती आहेच कुठे?’ असे हसत उत्तर मिळाले. सक्ती नाही तर मग लिहून द्यायला हरकत काय, असे विचारल्यावर त्यांना एकदम दुसरी बैठक आठवली.